चाकांच्या चार ओळी

९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि वहिनीच्या मोबाइलवर लिहिलं की आधी तुझा मुलगा वाचतो, मग सून, मग नातवंडं, आणि उरलंसुरलं तुझ्या वाट्याला येतं. म्हणून आपलं पत्रच बरं. कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. मागची बाजू कोरी होती, टाकवेना.

तू दिलेल्या गाडीबद्दल लिहिते आहे. ती सरळ चालत नाही. स्टीअरिंगच्या मधोमध मी देवाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आहे, तुला आठवत असेल. आता चिठ्ठी सरळ धरली की गाडी तिरकी जाते, आणि गाडी सरळ ठेवली की देव तिरका. रोज सकाळी हात जोडून गाडी सुरू करायची आणि दिवसभर देवाला वाकडं धरायचं, हे मनाला पटत नाही.

वळणावर तर मागचा भाग असा हलतो, जसं काही मागे दुसरंच कुणी गाडी चालवतंय. गॅरेजात दोनदा चाकं सरळ करून आणली. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा मूळ पदावर.

यांचं तराजू दुरुस्त करण्याचं काम चालू आहे. नजर आणखी अधू झाली, पण बोटांना काट्याची जागा अजून बरोबर कळते. दुकानं लांबलांबच्या गावांत. मी चालवते, हे मागे बसतात. गाडी नसली तर काम संपलं. आमचे दीर म्हणतात, या वयात ही दगदग कशाला? त्यांनी भंगारवाला ठरवून टाकला आहे. मार्चअखेर येऊन गाडी घेऊन जाणार. मला ती द्यायची नाही. काय करू ते सांग.

तुझी
ठमी

१७ फेब्रुवारी

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. पत्र उलटून पाहिलं तर मागे गेल्या वर्षीचा जून निघाला. त्यात ‘दूधवाला दोन दिवस आला नाही’ असं लिहिलेलंही वाचलं. तुझ्या घरात दूधवाल्यालासुद्धा हजेरी आहे.

माझं ठीक. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत बसतो आणि खालून जाणाऱ्या गाड्या बघतो. आवाज येत नाही, नुसत्या हलताना दिसतात. गॅरेज चालवलेल्या माणसाला गाडी मुकी दिसावी यासारखी शिक्षा नाही. पण ते असो.

तुझ्या गॅरेजवाल्याने पुढची चाकं सरळ केली असणार. तुझं दुखणं मागे आहे. याला म्हणतात रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी सांगतो तेवढं कर, म्हणजे नक्की कळेल.

अंगणात थोडं पाणी ओत. त्यावरून गाडी अगदी सावकाश सरळ कोरड्या जमिनीवर ने, उतर आणि ओल्या रेघा बघ. या गाडीची मागची चाकं पुढच्यांच्याच वाटेने जातात, म्हणजे दोनच रेघा दिसायला हव्यात. चार दिसल्या तर गाडी खेकड्यासारखी चालते आहे. मग मागच्या टायरांवरून हात फिरव, आतली कड झिजली आहे का ते बघ. आणि मागचा एकेक कोपरा जोर लावून दाब नि सोड. एकदा वर येऊन थांबला तर बरा. मान डोलावत राहिला तर शॉकअप गेले.

दाजींना नमस्कार. त्यांना मागे का बसवतेस? तू काय टॅक्सी चालवतेस?

दादा

२४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. चार रेघा आहेत. चारही स्वच्छ.

धुण्याचं पाणी साठवलं होतं तेच ओतलं. हे पायरीवर उभे होते. यांना रेघा दिसल्या नाहीत, पण मी गप्प झाले यावरूनच ओळखलं. म्हणाले, “चार?” म्हटलं, “चार.” तर म्हणतात, “आयुष्यभर लोकांचे तराजू सरळ केले, आणि घरची गाडी कलती. दिव्याखाली अंधार तो हाच.”

चालकाच्या बाजूचं मागचं टायर आतून इतकं झिजलंय की हाताला गुळगुळीत लागतं. त्याच बाजूचा कोपरा दाबला तर होकार द्यावा तसा मान डोलावत राहिला. आणि दादा, गाडी त्या बाजूला थोडी बसलेली पण दिसते. रोज बघत होते, लक्षात आलं नव्हतं.

गॅरेजवाल्याकडे गेले. त्याला सगळे ‘होईल’ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो तेवढंच बोलतो. तो म्हणाला, मागच्या चाकांना धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश फाटलेत. म्हटलं, बाबा रे, ते तर तूच दिवाणखान्याच्या गेल्या रंगकामाच्या वेळी नवे घातलेस! त्याला आमचं रंगकाम काय ठाऊक, पण माझी आठवण त्यावरच बांधलेली. पावती दाखवली. फार दिवस झालेले नाहीत. तो डोकं खाजवून म्हणाला, “काकू, पुन्हा घालू. होईल.”

पुन्हा घालून पुन्हा फाटले तर? मला ते कळत नाही. तू सांग.

यांना मागे मी बसवत नाही, हे आपणहून बसतात. पुढे बसलं की माझ्याबरोबर यांचेही पाय ब्रेक दाबतात, असं म्हणतात. माझ्या बरोबर पाठीमागे बसतात, म्हणजे रस्ता दिसायला नको आणि मी बोललेलं ऐकू यावं.

तुझी
ठमी

५ मार्च

ठमे,

खुशालीचं नंतर. तुझ्या दिराने वहिनीच्या मोबाइलवर फोटो पाठवला. गाडी चरात, एक मागचं चाक अधांतरी, आणि तू बाजूला पर्स धरून उभी. या घरात सगळ्यांनी पाहिला आणि मग मला दाखवला. जानेवारीतली गोष्ट म्हणे. तू मला दोन पत्रं लिहिलीस आणि त्यात दूधवाल्याचं सगळं आलं, हे आलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासूनची.

ऐक. गाडी मी दिली होती, मीच सांगतो, ती भंगारात घाल. नवे बुश काही दिवसांत फाटतात याचा अर्थ तुझा तो ‘होईल’ बनावट माल घालून तुला टोपी घालतो आहे. गाडीचा मागचा भाग असा सुटणारा, वर असला माणूस. उद्या त्या चराच्या जागी दरी असली तर?

आणि दाजींनाही विचार, स्वतःचं काम चालावं म्हणून बायकोला असल्या गाडीत किती दिवस राबवणार? मोठा असूनही मी आजवर त्यांना उणा शब्द बोललो नाही. पण नोकर म्हणून नाही दिली मी तुला.

उत्तरात मला फक्त ‘दिली’ एवढं लिही.

दादा

११ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. नमस्कार रागावूनच करते आहे, पण करते आहे.

‘दिली’ असं लिहिणार नाही, कारण दिलेली नाही आणि देणार नाही.

चराचं लिहिलं नाही कारण तू हेच म्हणशील हे मला माहीत होतं. खाणीजवळच्या वळणावर खडी सांडली होती. मी सावकाशच होते. मागचा भाग सुटला आणि आम्ही अलगद चरात जाऊन बसलो. कुणाला खरचटलंही नाही. यांनी मागून विचारलं, “पोचलो का?” मदतीला दीर आले ते ओढायला माणसं आणण्याआधी फोटोच काढत बसले.

आता दुसरं. यांना तू जे बोललास ते मी यांना वाचून दाखवलं नाही, आणि दाखवणारही नाही, कारण ते खोटं आहे. मला गाडी चालवायला यांनी लावलं नाही. उलट, दिरांना ‘गाडी घेऊन जा’ म्हणणारे हेच. मला न विचारता. मला म्हणाले, “तुझे हाल होतात.” मी विचारलं, “माझे हाल होतात असं मी कधी म्हटलं?”

दादा, पन्नाशीपर्यंत मी जिथे जिथे गेले ती कुणाच्या तरी मागे बसून गेले. मॅट्रिक झाल्यावर मला पुढे काही करायचं होतं, ते राहिलं. त्याचं दुःख करत बसले नाही, देवाने दिला तो संसार नीट केला. मग तू मैदानावर नेऊन ही गाडी शिकवलीस. पहिल्या दिवशी गोलपोस्टला धडकले तर तू हसून म्हणालास, “झाला तुझा पहिला गोल.” आता आम्ही कुठल्याही गावी गेलो की दुकानदार यांना खुर्ची देतात आणि मला विचारतात, “बाई, गाडी तुम्ही आणलीत?” हा प्रश्न मला रोज कुणी विचारला तरी मी रोज उत्तर देईन. यांना काम हवं आहे ते खरं. पण गाडी मला हवी आहे. हे यांनाही मी काल पहिल्यांदा सांगितलं. तेव्हापासून हे दिरांचा फोन घेत नाहीत.

राहिला ‘होईल’. तो बावळट असेल, चोर नाही. डबा फोडून नवा माल त्याने माझ्या डोळ्यांसमोर काढला. आणि चोरीला वाव मी ठेवतच नाही. गॅरेजात द्यायची म्हटलं की गाडी आधी रिकामी करते. छत्री, पायपुसणी, पाण्याची बाटली, सगळं घरात. यांची वजनांची पेटीसुद्धा शेजारच्या दोघा धडधाकट माणसांना हाक मारून उतरवून घेते. ती प्रमाणित वजनं. एखादं आपटलं, कोपरा उडाला, तर खोटं झालं.

तेव्हा चूक मालाची नाही. दुसरी कुठली असेल तर शोध, आणि मला ओरडायच्या आधी ती लिही.

तुझी
ठमी

१६ मार्च

ठमे!

कसली पेटी?

दोघा माणसांनी उचलायची लोखंडी पेटी माझ्या गाडीत रोज फिरते आणि हे मला आता कळतंय, ते पण तू चोर नसलेल्या माणसाची वकिली करताना! दाजी पूर्वी पिशवीत चारदोन वजनं घेऊन बसने जायचे, माझ्या डोक्यात तीच पिशवी होती. पेटी डिकीत चालकाच्या बाजूला ठेवता ना? पैज लावतो. आणि त्याच बाजूला तू, तुझ्या पाठीमागे दाजी. म्हणजे सगळा संसार एका चाकावर. तो कोपरा बसणार नाही तर काय नाचणार?

आता नीट वाच. तुझ्यावर ओरडलो ते परत घेत नाही, पण दाजींवरचं परत घेतो.

तू गाडी रिकामी करून देतेस. तो बिचारा रिकाम्या गाडीची चाकं सरळ करतो. घरी आणून तुम्ही पेटी ठेवता, दोघं बसता, मागचा भाग दबतो आणि माप बिघडतं. हे एक. दुसरं त्याहून मोठं. बुश म्हणजे लोखंडी नळीतलं रबर. बोल्ट आवळला की रबर त्याच जागी पकडलं जातं. त्याने गाडी जॅकवर टांगून, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले असणार. मग गाडी खाली ठेवली की रबराला पीळ बसतो. वर तुमची पेटी. ओलं फडकं पिळून हातातून न सोडता तसंच धरून ठेव, किती दिवस टिकेल?

तर त्याला सांग: मागचे बुश, दोन्ही बाजूंचे स्प्रिंग आणि शॉकअप नवे. एकाच बाजूचं करू नको, तुझी काटकसर इथे नको. बोल्ट सैल ठेवायचे. मग गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर चाकांवर उभी करायची, पेटी आत, तुम्ही दोघं आत, आणि त्याने खालून आवळायचे. मागच्या चाकांचं माप आधी, मग पुढच्यांचं, तेही तुम्ही आत असतानाच. पेटी यापुढे डिकीच्या मधोमध, घट्ट बांधून. दाजी पुढे, तुझ्या शेजारी. पाय दाबतात तर दाबू दे.

हे सगळं झाल्यावरही रेघा चार आल्या, तर मात्र माझं ऐकायचं. कबूल?

दादा

३० मार्च

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. तुझी अट मी वाचतानाच कबूल केली होती. आता सगळं सांगते.

पेटी चालकाच्याच बाजूला होती. पैज जिंकलास. ती तिथे का, तर दुसऱ्या बाजूला यांचा डबा ठेवायची जागा.

‘होईल’ने सगळं सामान नवं घातलं. मग आम्ही पेटी घेऊन हजर. म्हटलं, आता आम्ही आत बसतो, तू खाली जाऊन आवळ. तर आयुष्यात पहिल्यांदा तो म्हणाला, “नाही होणार.”

“का नाही होणार?”

“काकू, माणसं बसवून कुणी बोल्ट आवळतं का? बघणारे हसतील.”

“हसू देत. त्यांच्या गाड्या थोड्याच सरळ होणार आहेत?”

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. चोर, बिचारा वगैरे गाळून. तो म्हणाला, “तुमच्या भावांशी मी फोनवर बोलतो.” म्हटलं, “त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा वाद घालून उपयोग नाही.”

तेवढ्यात हे पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. दार लावून घेतलं आणि खिडकीतून म्हणाले, “अरे, रिकाम्या पारड्यांचा काटा सगळ्यांचाच सरळ असतो. माल पारड्यात असताना बघायचा असतो.” त्याने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे, आणि पाना घेऊन मुकाट्याने खड्ड्यात उतरला. खालून आवाज आला, “काकू, हलू नका.” मी नामस्मरण चालू केलं. हेही पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं, तर हे प्रत्येक बोल्टला “आवळ, आवळ, बस” म्हणत होते.

माप घेताना त्याच्या यंत्राच्या पडद्यावरचे लाल आकडे एकेक करून हिरवे झाले. तो स्वतःच चक्रावला. म्हणाला, यापुढे सगळ्या जड गाड्या अशाच करीन. मी म्हटलं, होईल.

आता मुद्द्याचं. भंगारवाला ठरल्या दिवशी आला होता. गाडी दारात नव्हती, कारण आम्ही तिच्यात होतो, खाणीच्या वळणावर. मुद्दाम तिकडूनच गेले. खडी तशीच सांडलेली होती. मी सावकाश घेतली, आणि दादा, मागचा भाग माझ्या मागेमागे आला. हट्ट न करता, शहाण्या मुलासारखा. यांनी पाय दाबला, पण तो चटईवर. वळण संपल्यावर म्हणाले, “देव सरळ आहे का?” मी चिठ्ठीकडे पाहिलं. सरळ होता.

संध्याकाळी दिरांचा फोन आला, “वहिनी, माणूस येऊन रिकाम्या हाताने परत गेला.” म्हटलं, “अरेरे, जुने पेपर होते की, ते तरी दिले असते.”

रेघा मी बघितल्या नाहीत. पाणी ओतायला गेले आणि हात थांबला. चार आल्या तर तुला शब्द दिलाय. पण न बघता राहणंही बरं नाही, म्हणून गाडीच तुझ्याकडे घेऊन येते. रविवारी दुपारी पोचू. जे काय आहे ते तू स्वतः बघ. जेवायचं काही करू नका म्हणावं वहिनीला, डबा घेऊन येतो.

तुझी
ठमी

८ एप्रिल

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचल्याचं वहिनीच्या मोबाइलवर कळलं, सगळ्यांचं वाचून झाल्यावर.

तू रुसली असशील. गाडीभोवती मी एक चक्कर मारली, स्प्रिंग बघितले, टायरवरून हात फिरवला आणि काहीच बोललो नाही. दाजी विचारत होते तरी बोललो नाही. निघायच्या वेळी तर खालीही आलो नाही. तू गेटपाशी गाडी थांबवून खिडकीतून हात हलवत होतीस आणि मी तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हतो. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला अजून राग आहे.

तुम्ही वर चहा पीत होतात तेव्हा मी बागेच्या माळ्याला खूण केली होती. त्याने गेटाच्या आत नळी लावून चांगलं ओलं करून ठेवलं. खालून बघितलं असतं तर जवळच्याच रेघा दिसल्या असत्या. मला वरून बघायच्या होत्या, शेवटपर्यंत. म्हणून गॅलरीत थांबलो.

तू हात आत घेतलास, दाजींनी काच वर केली, आणि गाडी ओल्यातून कोरड्यावर गेली.

दोनच होत्या, ठमे. गेटापासून वळणापर्यंत दोनच. तिसरी कुठेच फुटली नाही.

वहिनी आत बोलवत होती म्हणे, मला काही ऐकू आलं नाही. त्या वाळेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

दादा